रिकाम्या गाडीचं वजन

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वही ठेवा. बोक्याने किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, किती वेळा केली आणि केवढी केली, सगळं लिहा. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. मला आनंद झाला. वजनकाट्यावर बत्तीस वर्षं मालाच्या ट्रकांच्या नोंदी केल्या, निवृत्त झाल्यापासून हात नुसता शिवशिवतोय. ट्रक नाहीत तर नाहीत, बोका आहे.

तर नोंद अशी. बोका, नाव शेठ, वय सात, रंग राखाडी, वजन दवाखान्याच्या काट्यावर सात किलो दोनशे. काल सकाळपासून मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, जोर करत होता आणि कोरडाच बाहेर येत होता. मी म्हटलं, पोट साफ नसेल. ही म्हणाली, "अहो, हा रडतोय. असा आवाज त्याने कधी काढला नाही." मग टोपलीत कोंबून नेला. लघवी तुंबली होती. अजून अर्धा दिवस उशीर झाला असता तर बोका हातचा गेला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळी घालून मोकळा केलाय आणि दोन दिवस ठेवून घेतलाय.

पुन्हा तुंबला तर ऑपरेशन. आणि एवढ्या चरबीवर भूल मानवेलच याची खात्री त्या देत नाहीत. म्हणजे वजन उतरलं तर शेठ वाचेल, नाही उतरलं तर कठीण आहे.

परत येताना टॅक्सीत ही खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आता आणखी काही नको. एवढं एक निस्तरू दे." मी म्हटलं, "आणखी काय व्हायचंय?" तिने ऐकलं नसावं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शेठ घरी आला. पुढच्या पायावरचे केस भादरलेले, चेहरा भर बाजारात अपमान झाल्यासारखा.

डॉक्टरीणबाईंनी मला त्याच्या लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकातून दाखवला. मी मागेच लागलो म्हणून. काय सांगू! आत काचेच्या बारीक बारीक पेट्या. धारदार कडा, वर झाकण, सगळ्या एका मापाच्या. एवढ्याशा जनावराच्या पोटात हे घडवतं कोण? मी डोळा लावून बसलो तो बसलोच. मागे कासव घेऊन थांबलेला माणूस दोनदा खाकरला तेव्हा उठलो.

बाईंचं म्हणणं असं की पाणी कमी, खाणं जास्त आणि हालचाल शून्य, की लघवी घट्ट होते आणि हे खडे धरतात. आता दवाखान्याचं ओलं खाणं द्यायचं, तेही मोजून, आणि पाणी जाईल तेवढं जाऊ द्यायचं. वरचं काही नाही म्हणजे नाही. मासा नाही, चीज नाही, ताटातलं तर मुळीच नाही. "घरातल्या सगळ्यांना सांगा," म्हणाल्या. घरातले सगळे म्हणजे मी आणि ही. हिला सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ऐकलं."

रविवार, ९ फेब्रुवारी

घरी वजन कसं घ्यायचं तेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मांजर काट्यावर थांबत नाही, म्हणून माणसाने त्याला घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. दर वेळी. मला हसू आलं. मला वजाबाकी शिकवतायत! भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की उरला तो माल, बत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी? आणि रिकाम्या गाडीचं वजन दर वेळी कोण घेत बसतो? एकदा घ्यायचं, गाडीच्या नंबरापुढे टिपून ठेवायचं. गाडी तीच, चाकं तीच.

शेठ मला उचलू देत नाही, ओरबाडतो. हिच्या खांद्यावर मात्र पोतं टाकल्यासारखा पडून राहतो. तेव्हा गाडी ही झाली.

"मला गाडी म्हणताय?"

"मोठा मान आहे. माझ्या काट्यावर सगळ्यात लाडक्या गाड्याच असायच्या."

"आणि तुम्ही काय?"

"मी काटेवाला."

हिचं एकटीचं वजन अठ्ठावन्न सहाशे भरलं. ही म्हणाली, "अठ्ठावन्न?" खाली उतरली, पुन्हा चढली. पुन्हा अठ्ठावन्न सहाशे. बायकांना आपला आकडा कधी पटत नाही. मग शेठला घेऊन उभी राहिली, पासष्ट आठशे. म्हणजे शेठ सात दोनशे, दवाखान्याशी तंतोतंत जुळला! वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून टाकलं: रिकामी गाडी ५८.६.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पाण्याचे प्रयोग चालू आहेत. चार भांडी, चार कोपरे, प्रत्येकात अर्धा लिटर, संध्याकाळी मोजून बघायचं किती घटलं.

खोल वाटीकडे ढुंकून बघत नाही. स्टीलच्या वाडग्याला जीभ लावून मागे सरतो. खाण्याच्या शेजारी ठेवलेलं पाणी त्याला चालत नाही, दुसऱ्या खोलीतलं चालतं. सगळ्यात आवडलं ते काचेच्या भांड्याचं पसरट झाकण, कारण तिथे मिशा कडेला टेकत नाहीत. हे मी जमिनीवर पालथा पडून पाहिलं. ही कापड घेऊन तिथून चालली होती, मला ओलांडून गेली. "डॉक्टरीणबाईंना बोलवू का?" म्हणाली. "तुमच्यासाठी."

आणि न्हाणीघराच्या नळाखाली थेंब थेंब पडणारं पाणी तर बघताच जीभ काढतो. एका मिनिटाला त्रेसष्ट वेळा जीभ मारतो. तीनदा मोजलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ट्रेमध्ये लघवीने धरलेले मातीचे तीन गोळे. एक लिंबाएवढा. शाबास.

रविवार, २३ फेब्रुवारी

पासष्ट तीनशे. शेठ सहा सातशे. अर्धा किलो उतरला!

ही त्याला घेऊन उभी असते तेव्हा तिला आकडा दिसत नाही, शेठचं पोट आड येतं. मी खाली उकिडवा बसून वाचतो. "किती?" म्हणाली. सांगितलं. तिने शेठला खाली सोडलं आणि मग म्हणाली, "दोन आठवड्यांत अर्धा किलो?"

"मग! काट्याशी गाठ आहे."

मला वाटलं होतं, खूश होईल.

मंगळवार, ४ मार्च

आमच्या घरात जेवणाची वेळ कामाच्या पाळीसारखी ठरलेली. साडेबाराला मी बसतो, एकला रेडिओवरच्या बातम्या. ही आधी माझ्याबरोबर बसायची. हल्ली म्हणते, "तुम्ही खाऊन घ्या, मी हातातलं संपवून बसते." मग बातम्या ऐकताना मला स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज येतो आणि पाच मिनिटांत ताट लखलखीत होऊन ओट्यावर. भरभर जेवते. मी सांगितलं, सावकाश चावून खावं माणसाने. "हो," म्हणाली.

शेठ तिच्या खुर्चीखाली बसलेला असतो. समोर माणूस जेवतोय आणि हा नुसता बसून आहे, याला म्हणतात संयम. दोन महिन्यांपूर्वी याने टेबलावर उडी मारली असती.

रविवार, ९ मार्च

चौसष्ट सातशे. शेठ सहा एकशे. ही म्हणाली, "पुन्हा बघा बरं." पुन्हा बघितलं, तेच.

बुधवार, १२ मार्च

एक कोडं पडलंय. शेठच्या वाटीत खाणं उरतंय. सकाळी साठ ग्रॅम ठेवलं, दुपारी उचललं तेव्हा वीस ग्रॅम तसंच. जो प्राणी चपलेचा पट्टा चघळायचा तो पुढ्यातलं खाणं सोडतो? जवळ घेऊन वास घेतला. मिशांना लोणी. आणि तोंडाला उकडलेल्या माशाचा वास.

आमच्याकडे काल मासा झाला होता खरा, पण तो मी खाल्ला आणि हिने खाल्ला. म्हणजे बाहेर कोणीतरी अन्नछत्र उघडलंय. संशय वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंवर. त्या गॅलरीतून त्याच्याशी गोड आवाजात बोलताना मी स्वतः ऐकलंय.

पण मग हा उतरतोय कसा? बाहेर खातो आणि तरी उतरतो. हे काही केल्या जुळत नाही.

गुरुवार, १३ मार्च

वर जाऊन आलो. गाण्याच्या बाईंना सरळ विचारलं. बाई खवळल्याच. "अहो, मांजर दारात आलं तरी मला सात शिंका येतात, माझा घसा म्हणजे माझं पोट आहे! लांबून बोलते, तेवढंच." खोटं बोलत असतील असं वाटलं नाही. बोलता बोलता त्यांना शिंक आलीच, माझ्या स्वेटरवर केस होते.

दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मिसेस बऱ्या आहेत ना? परवा जिन्यात बसलेल्या दिसल्या. मागच्या आठवड्यातही." मी म्हटलं, पिशव्या जड असतात, दमली असेल. अंगावर आलं की विषय कसा बदलायचा, हे यांच्याकडून शिकावं.

रविवार, २३ मार्च

चौसष्ट एकशे. शेठ साडेपाच किलो. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या, मांजराचं वजन इतकं झपाट्याने उतरू नये, यकृताला त्रास होतो. खाणं थोडं वाढवा आणि एकदा आणून दाखवा.

खाणं दिवसाला दहा ग्रॅमने वाढवलं. दाखवायला नेईन सवडीने. टोपली बघितली की तो पलंगाखाली जातो आणि त्याला ओढून काढताना माझी पाठ धरते.

मला एक गोष्ट मात्र गमतीची वाटते. डोळ्यांना तो आहे तेवढाच दिसतो. पोट अजून जमिनीला घासतं. पण वजन उतरलेल्या पहिलवानाचीही कातडी लोंबतेच. डोळ्याने वजन करणाऱ्या व्यापाऱ्यांना मी जन्मभर हसलो, आता स्वतः तसं करणार नाही.

बुधवार, २ एप्रिल

आज दिवसभर मशीन चालू होतं. गिऱ्हाइकाचं काम नव्हतं, ही स्वतःच्याच कपड्यांच्या कमरा आत घेत होती. म्हटलं, "हे काय?" म्हणाली, "हल्लीचं कापड धुतलं की सैल होतं." खरं आहे, पूर्वीसारखं कापड मिळत नाही.

अंगठीही काढून ठेवलीय. साबणाच्या पाण्यात सटकते म्हणे.

दुपारी मी वहीतल्या आकड्यांचा आलेख काढला. एकदम सरळ उतरती रेघ. निसर्गात इतकी सरळ रेघ सहसा बघायला मिळत नाही. हिला दाखवला. तिने कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. "अशीच जात राहिली तर कुठे पोचते ही?" म्हणाली. मला बरं वाटलं, चला, हिलाही गोडी लागली. पट्टी घेऊन रेघ पुढे काढून दाखवली. तिने कागद घडी घालून मला परत दिला.

रविवार, ६ एप्रिल

आज काट्यावर आली ती जाड लोकरीचा कोट घालून. एवढ्या उकाड्यात! म्हटलं, "गाडीवर ताडपत्री चालणार नाही, उतरव." म्हणाली थंडी वाजतेय, राहू दे. मी ऐकलं नाही. कोट काढून त्रेसष्ट सहाशे. शेठ पाच किलो.

हिला थंडी वाजतेय म्हणजे ताप असेल म्हणून हात धरून बघितला. ताप नव्हता. हात गार होता.

रविवार, २० एप्रिल

त्रेसष्ट दोनशे. शेठ चार सहाशे!

डॉक्टरीणबाईंना कळवलं. म्हणाल्या, "काका, हे आकडे मला पटत नाहीत. उद्याच आणा." काटेवाल्याला म्हणतात आकडे पटत नाहीत! गुरुवारी आणतो म्हटलं.

गुरुवार, २४ एप्रिल

न्यायची वेळ ठरवावी लागली नाही. सकाळी शेठ ट्रेमध्ये बसला आणि तोच आवाज. हिने आधी ऐकला. स्वयंपाकघरातून धावत आली आणि दाराला धरून उभी राहिली. "मी येत नाही," म्हणाली, "तुम्ही न्या. लवकर न्या." तोंड पांढरंफटक पडलं होतं.

दवाखान्यात त्याला काट्यावर ठेवलं. सात किलो सातशे.

मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काटा गेल्याच महिन्यात तपासलाय. मी म्हटलं, माझ्यासमोर तपासा. आत बोका तुंबलेला आणि मी बाहेर काट्यावरून भांडतोय, आता लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा सुचेना. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन किलोची बंद पिशवी ठेवून दाखवली. दोन किलो वीस ग्रॅम. वीस ग्रॅम पिशवीचे. काटा खरा होता.

शेठला पुन्हा नळी घातली. या वेळी ऑपरेशनशिवाय निभावलं, पुढच्या वेळी निभावणार नाही. लघवीत रक्त होतं. बाईंनी विचारलं, "घरात कोणी मासा, लोणी, चीज देतंय का? खरं सांगा." मी छातीला हात लावून सांगितलं, नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

सकाळी घरचा काटा तपासला. पाच लिटर पाण्याचा कॅन ठेवला, कॅनसकट पाच दोनशे. दहा लिटर ठेवलं, तेही बरोबर. म्हणजे दोन्ही काटे खरे.

वही उघडून बसलो. मनात म्हटलं, कोडं आहे, सुटायला पाहिजे. रविवारी दोघं मिळून त्रेसष्ट दोनशे. त्यात शेठ सात सातशे. चार दिवसांत काही बोका तीन किलोने वाढत नाही. वजा केले. पंचावन्न पाचशे.

मग पहिल्या पानावरची लाल शाई बघितली.

काट्यावर एक नियम होता. दर सहा महिन्यांनी रिकामी गाडी पुन्हा तोलायची. टायर झिजतात, फळ्या काढतात, कधी कोणी टाकीच लहान बसवतो. आम्ही कधी तोलली नाही. कोणाला वेळ होता?

मी तिच्या मशीनपाशी गेलो. म्हटलं, "काट्यावर उभी राहा."

"शेठ दवाखान्यात आहे."

"शेठशिवाय."

तिने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "कशाला? पंचावन्न असेल. फार तर साडेपंचावन्न."

"तुला कसं माहीत?"

"तुम्हीच तर दर दुसऱ्या रविवारी सांगत होतात," म्हणाली. "शेठला मी भरवत होते. तो उतरेल कसा? मग कोण उतरतंय, एवढी वजाबाकी मलाही येते."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती ऐकून घेत होती. मग सांगितलं. पावापासून सुरू झालं, मागच्या पावसाळ्याच्या आधी. कोरडा घास छातीत अडकायचा. मग मासा अडकायला लागला, मग अंडं. आता पातळ तेवढं उतरतं, तेही पाठ ताठ करून. मागच्या वर्षी तिचं वजन त्रेसष्ट होतं. म्हणून त्या दिवशी अठ्ठावन्नवर पुन्हा चढली होती.

"ताट भरलेलं परत गेलं असतं तर तुम्ही विचारलं असतं," म्हणाली. "म्हणून शेठला घालत गेले. माशातलं मीठ धुऊन द्यायची हो मी, देवाशपथ. मला वाटलं थोड्याने काय होतंय. माझ्यामुळे मेला असता तो." आणि तेव्हा रडायला लागली. स्वतःचं सांगताना डोळ्यांत पाणी नाही, बोक्याचं सांगताना ढसाढसा.

म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. आधी शेठचं निस्तरू दे म्हटलं. तुम्हाला एका वेळी एकच काळजी झेपते."

यावर मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण खरं आहे. मीही रडलो. मशीनवर कोणाच्या तरी पडद्याचं कापड होतं, त्यालाच डोळे पुसले.

ताट भरलेलं दिसलं असतं तर मी विचारलं असतं का? वाटतं, विचारलं असतं. खात्री नाही.

सोमवार, २८ एप्रिल

आज तिला डॉक्टरांकडे नेलं. माणसांच्या. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून, काय काय अडकतं, रात्री खोकला येतो का, आवाज बसतो का. मी तोंड उघडायचो आणि मला काही माहीत नसायचं. शेठबद्दल विचारलं असतं तर मिनिटाला किती वेळा जीभ मारतो ते सांगितलं असतं.

शेठ काल घरी आला. फक्त दवाखान्याचं खाणं, कुलुपाच्या कपाटात.

शुक्रवार, २ मे

नळीने कॅमेरा घालून बघितलं. अन्ननळी एका जागी अरुंद झालीय, तिथे काहीतरी वाढलंय. तुकडा तपासायला काढलाय. डॉक्टर पडद्यावर दाखवत होते. काचेच्या पेट्या बघायला मी दहा मिनिटं डोळा लावून बसलो होतो. हे मला बघवलं नाही.

मुलीला फोन केला. ती येतेय.

शुक्रवार, ९ मे

गाठ आहे, वाईटच आहे. पण एका जागी आहे, पसरलेली दिसत नाही आणि काढता येईल. आधी औषधं, मग ऑपरेशन.

मोठे डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. ऑपरेशनआधी अंगावर काहीतरी चढायला हवं, निदान घसरायचं तरी थांबायला हवं. किती, ते त्यांनी सांगितलं. दर दोन तासांनी पातळ, त्यात दवाखान्याची पावडर. मी वही काढली तशी ही म्हणाली, "शेठच्या वहीत नको हं मला." म्हणून नवी घेतली. पहिलं पान कोरं सोडलंय.

टॅक्सीत ही म्हणाली, "एकाचं उतरवायचं, एकीचं चढवायचं. एवढी हौस होती ना काट्याची?" आणि हसली. मला हसता आलं नाही. मला फार भीती वाटतेय, ती तिला सांगितली. म्हणाली, "मला पण." पुढे घरापर्यंत तिचा हात धरून ठेवला. किती हलका झालाय.

रविवार, ११ मे

आज साडेबाराला जेवायला बसलो नाही. रेडिओ लावला नाही. तिचं सूप गाळून, गार करून, पावडर घालून वाटीत घेतलं आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसलो. शेठला झोपायच्या खोलीत कोंडलं होतं. तो दार ओरबाडत होता, आकाशपाताळ एक करत होता. ही म्हणाली, "बिचारा. येऊ दे ना त्याला." मी नाही म्हटलं.

चाळीस वर्षांत मी हिला जेवताना बघितलंच नव्हतं. बरोबर बसायची तेव्हाही मी माझ्या ताटात बघायचो. चमचा तोंडात घेते, डोळे मिटते, पाठ ताठ करते, मान थोडी डावीकडे वळवते आणि मग गिळते. गिळून झालं की जरा वेळ काहीच करत नाही, घास खाली पोचला का याची वाट बघते. आणि हे ती वर्षभर एकटी करत होती, मी पलीकडे बातम्या ऐकत असताना.

चौथ्या चमच्याला खोकला आला. मी उठलो. तिने हातानेच बस म्हणून खुणावलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते पुसलं, श्वास घेतला आणि पुन्हा चमचा भरला.

"असे टक लावून बघू नका," म्हणाली. "उतरत नाही मग."

मी तोंड खिडकीकडे केलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. मी चादरींकडे बघत राहिलो आणि वाटीला लागणाऱ्या चमच्याचा आवाज ऐकत राहिलो. पाच. सहा. मग बराच वेळ काही नाही. मी मान वळवली नाही. सात.

पाऊण तास लागला. वाटी अर्धी झाली.

"बस आता?" तिने विचारलं.

म्हटलं, "तुझं तू ठरव. मी बसलोय."

तिने आणखी एक घेतला.